जाऊन येते

मुलाणी मॅडमनी पेटी उंबऱ्याबाहेरच ठेवली आणि नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

"घरात कोण कोण आहे?"

"मी एकटाच," जयवंत थोरवत म्हणाले. "या ना आत. चहा टाकतो."

"चहा नंतर, काका. आधी भिंतींशी बोलते, मग तुमच्याशी."

मॅडम म्हणायला मॅडम. वय जयवंतरावांच्या मुलीपेक्षा, प्रणोतीपेक्षाही थोडं कमीच. नाव अल्फिया. अंगात गृहतपासणी खात्याचं निळं जाकीट, बोलणं मात्र कराडच्या पेठेतलं, घरचं. तिने पेटीतून बॅटरीएवढी नळी काढली, भिंतीवर हिरवा ठिपका पाडला आणि कानाला यंत्र लावून हळूहळू पुढे सरकू लागली, डॉक्टर पाठ तपासतात तशी.

घर कोयनेच्या बाजूच्या जुन्या वसाहतीतलं. जयवंतरावांच्या वडिलांनी बांधलं तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं, म्हणून सगळा गिलावा चुन्याचा, बैलांच्या घाणीत मळलेला. धरणाजवळचे इतके धक्के सोसूनही भिंतीला केसाएवढी भेग नव्हती. ते घर आता विकायचं होतं. मागच्या थंडीत जयवंतराव अंगणात चक्कर येऊन पडले ते पेपरवाल्या बाईंना दिसेपर्यंत तिथेच पडून होते. नाशिकहून धावत आलेल्या प्रणोतीने तेव्हाच ठरवलं, अण्णांना आता एकटं ठेवायचं नाही. घेणारं माणूसही चांगलं मिळालं. किरण कुंभार, शाळेत शिक्षक, बायकोला दिवस गेलेले. राहिली होती ती ही तपासणी.

पेटी काय करते ते थोडक्यात सांगायला हवं. चुना वाळतो असं आपण म्हणतो, पण तो नुसता वाळत नाही, तो श्वास घेतो. भट्टीत भाजताना दगडातून जो कर्बवायू निघून जातो, तोच चुना नंतर हवेतून परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. जाड गिलाव्यात या कामाला दशकंच्या दशकं लागतात. आणि घरात हा वायू येतो कुठून? चुलीतून येतो, दिव्यातून येतो, आणि माणसांच्या नाकातोंडातून येतो. म्हणजे घरची माणसं बोलत राहतात आणि त्यांच्या श्वासाचा भिंतीत दगड होत जातो. भूकंपाच्या भेगा शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना यात एक नवल आढळलं. एकाच जागी, एकाच आवाजात, वर्षानुवर्षं तोच शब्द उच्चारला गेला असेल, तर तिथले स्फटिक त्या कंपनांच्या कलाने बसतात आणि लेझरचा किरण फिरवून तो शब्द पुन्हा ऐकता येतो. एकदा बोललेलं काही उरत नाही. भांडणही उरत नाही, कारण भांडणात माणूस रोज नवं सुचवून बोलतो. उरतं ते रोजचं. विहिरीच्या काठाला दोराची खाच पडते, तसं. कीर्तनातलं निरूपण घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरतं, पण बुवांनी पुन्हा पुन्हा आळवलेलं ध्रुपद आपल्या पायांनाही पाठ होतं, चालताना पावलं त्याच ठेक्यावर पडतात. भिंतीला फक्त ध्रुपद कळतं.

भेगा शोधणारी पेटी आवाजही शोधू लागली, तेव्हा सरकारने नियमात एक कलम वाढवलं. निमित्त झालं एका म्हातारीचं. पोरांनी तिला तीर्थाला नेतो म्हणून दूरच्या आश्रमात सोडलं, घरात कुणी राहत नाही म्हणून सांगितलं आणि घर विकायला काढलं. पेटीने देवघराच्या भिंतीतून तिचा आवाज काढला आणि न्यायालयाने म्हातारीला तिच्या देवासमोर परत आणून बसवलं. तेव्हापासून असं ठरलं, की भिंतीत ज्याचा आवाज आहे आणि तो माणूस परत येणार असं दिसतं आहे, त्याच्या संमतीवाचून घर विकायचं नाही. कलमाचं सरकारी नाव लांबलचक आहे. लोक म्हणतात, येणाऱ्याचा हक्क. भला कायदा. त्याला कोण वाईट म्हणेल?

स्वयंपाकघराच्या भिंतीने सांगितलं, "दूध बघा, दूध." बाईचा आवाज, घाईतला. बैठकीच्या खोलीने जयवंतरावांच्याच आवाजात विचारलं, "किल्ली कुठाय?"

अल्फिया हसली. "काका, प्रत्येक घरात पुरुषाच्या भिंतीला हाच शब्द. कुणाची किल्ली, कुणाचा चष्मा. एका घरात तर नुसताच 'अगं' निघाला."

जयवंतरावही हसले. दुधाच्या त्या हाकेसरशी त्यांनी ओट्याकडे वळून पाहिलं होतं, पण हसले. मग ती दाराशी आली. चौकटीच्या उजव्या अंगाला, साधारण तिच्याच तोंडाच्या उंचीवर, हिरवा ठिपका थांबला. तिने कानातलं यंत्र काढून आवाज मोठा केला.

"मी जाऊन येते हं."

स्वच्छ. चप्पल पायात सरकवताना कुणी मान वळवून बोलावं तसा. त्यातला तो शेवटचा 'हं', थोडा लांबवलेला, ऐकलंत ना असं विचारणारा.

"बंद करा ते," जयवंतराव म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पुन्हा लावा."

तिने पुन्हा लावलं. पेटीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: निवासी अपेक्षित.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पेटीच्या मते कुणीतरी यायचं आहे." अल्फियाने ओठ चावला. "काकूंचा आवाज?"

जयवंतरावांनी मान डोलावली. उज्ज्वला. ते एसटीचे ड्रायव्हर होते आणि ड्रायव्हरच्या घरात 'जातो' हा शब्द शिवीपेक्षा वाईट. पहाटेच्या गाडीसाठी निघताना ते दारातून म्हणायचे, "येतो", आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "या." ती निघायची तेव्हा उलटं. तिचं निघणं बहुतेक कीर्तनालाच. चातुर्मासात कृष्णेच्या घाटावर असो, पलीकडच्या गावात असो, उज्ज्वला पहिल्या रांगेत. परत आली की स्वतःच्या कपाळाचा बुक्का बोटावर घेऊन यांच्या कपाळी टेकवायची. "तुम्ही गाडीत होतात, पण पुण्य अर्धं तुमचं." तिचा एक नेम होता. आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नाही. बुवा उभे असताना पाठ दाखवून जाणं तिला पटायचं नाही. त्या दिवशी पलीकडच्या गावी पाऊस वाढला तशी माणसं मधूनच उठली. ही आरतीला थांबली. परतीची रिक्षा ओढ्याच्या फरशी-पुलावरून वाहून गेली. रिक्षा सापडली, रिक्षावाला सापडला, सोबतच्या दोघी बायका सापडल्या. उज्ज्वला सापडली नाही.

"कायद्यानं सात वर्षं झाल्यावर दाखला मिळाला," जयवंतराव म्हणाले. "तो जोडलाय की कागदांना."

"दाखला पेटी वाचत नाही ना, काका. ती भिंत वाचते. बाहेरच्या कुणी बनवलेली आहे, तिला मराठी येतं, पण आपली रीत येत नाही. 'येते' म्हणजे येणार, असं ती सरळ धरते. माझी आजीसुद्धा दवाखान्यात नेताना 'येते' म्हणूनच निघाली होती. आपल्याकडे दुसरं म्हणतं कोण?" ती थांबली. नळी चौकटीच्या आतल्या अंगाला नेली, आणि या वेळी जयवंतरावांचा आवाज आला: "ये."

"हे बघा. त्यांनी येते म्हटलं, तुम्ही ये म्हटलं. पेटीच्या लेखी बोलणं पक्कं झालं."

मग तिने खिशातून छोटी बाटली काढली. पाण्यासारखं रसायन. कच्च्या चुन्यावर टाकलं तर गुलाबी होतं, पुरता दगड झालेल्या चुन्यावर तसंच राहतं. घरभर तिने भिंती किंचित खरवडून थेंब टाकले होते, कुठेच रंग आला नव्हता. या वयाच्या घरात येऊही नये. दाराशी थेंब टाकला आणि भिंत गुलाबी झाली. गर्द, जास्वंदीसारखी. पंजाएवढीच जागा. तिने दुसरा थेंब टाकला, मग बाटलीवरची तारीख तपासली.

"ओल असेल," जयवंतराव म्हणाले.

"ओलीनं असं होत नाही, काका." ती खालच्या आवाजात बोलली. "एवढा तुकडा कालच लिंपल्यासारखा आहे. सगळी भिंत दगड झालीय आणि हा अजून श्वासाची वाट बघतोय."

चहा तिने घेतला, पण दाराकडे पाठ करून बसली नाही.

शनिवारी प्रणोती आली. पिशवी ठेवायच्या आधीच तिने भिंतीकडे पाहिलं. गुलाबी डाग फिकट झाला होता, पण होता.

"अण्णा, मुलाणी मॅडमशी बोलले मी. याच्यावर उपाय आहे. निर्गमन-नोंद म्हणतात. आईचाच आवाज वापरून भिंतीत 'जाते' असं दाबायचं. मग पेटी मोकळं घर दाखवते. परगावी वारलेल्या माणसांसाठी सगळे हेच करतात."

"तिनं कधी म्हटलं नाही ते."

"म्हणून तर करायचं."

"तिच्या तोंडी घालायचं? ड्रायव्हरच्या घरात?"

प्रणोती खाली बसली. "तुम्ही रोज दिवा लावला की दारात उभं राहून 'ये गं' म्हणता ना? शेजारच्या काकू सांगत होत्या. आठ वर्षं, अण्णा. त्या दिवशी अंगणात पडलात तेव्हाही तुम्ही आत का नाही सरकलात? फाटकाकडे तोंड करून पडला होतात म्हणे."

"चक्कर आली होती."

"चक्कर आलेला माणूस तोंड कुठं करायचं ते ठरवत नाही."

"वकील झालीस की गं." ते हसायचा प्रयत्न करत होते.

"नाही झाले. मुलगी आहे तुमची. आई गेली तेव्हा एक गेली. या दारापायी मला दुसरं माणूस घालवायचं नाहीये." तिचा आवाज फाटला. "माझ्याकडेही दार आहे, अण्णा. तिथं कुणी 'या' म्हणायला नको का?"

जयवंतराव उठून तिच्याजवळ आले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोलव त्या पोरीला," ते म्हणाले.

काम दुपारच्या लख्ख उन्हात झालं. अल्फियाने दारापाशी कालवलेल्या ताज्या चुन्याचा पातळ हात दिला आणि समोर छोटा कर्णा लावला. शब्द जुळवलेले होते. 'मी' आणि 'जा' उज्ज्वलाच्याच 'मी जाऊन' मधले, 'ते' तिच्याच 'येते' मधला. मधे कुठे जोड दिसू नये म्हणून यंत्राने कडा घासून काढल्या होत्या.

"बाहेर थांबलात तरी चालेल," ती म्हणाली.

"नको. घरातलं माणूस जाताना घरात कुणी हवं."

तिने कळ दाबली.

"मी जाते."

आवाज उज्ज्वलाचाच. पण 'हं' नव्हता. विचारणं नव्हतं. प्रणोतीने तोंडावर पदर धरावा तसा ओढणीचा बोळा धरला. जयवंतरावांचे ओठ सवयीने हलले, आणि मिटले. 'जाते' याला आतल्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. त्याला आपल्या भाषेत उत्तरच ठेवलेलं नाही.

पेटीचा दिवा हिरवा झाला: घर रिकामे.

अल्फियाने नियमाप्रमाणे शेवटचा थेंब टाकला. हाताने लिंपलेला ओला चुना. तो गुलाबी व्हायलाच हवा होता. थेंब ओघळला, पाण्यासारखा. तिने नखाने टोकरून पाहिलं. दगड. जुना, थंड, पुरता झालेला दगड. एवढा चुना एका क्षणात दगड व्हायचा तर एवढा श्वास आला कुठून? तिने वर पाहिलं, बापलेकीकडे पाहिलं, आणि बाटली खिशात टाकली.

संध्याकाळी जयवंतरावांनी दिवा लावला आणि दारात उभे राहिले. "ये गं" म्हणायला तोंड उघडलं. शब्द निघाला, पण घराने तो घेतला नाही. इतकी वर्षं त्या जागी त्यांचा आवाज थोडा घुमून परत यायचा, उशाशी कुणी हुंकार द्यावा तसा. आज तो भिंतीपाशी पोहोचला आणि संपला. कापसात पडल्यासारखा. त्यांनी पुन्हा म्हटलं. प्रणोती आत भांडी बांधत होती, तिलाही जाणवलं असावं, कारण तिच्या हातातला वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

"अण्णा, काय बोललात?"

"काही नाही."

"मला वाटलं, तुम्ही लांबून बोलताय."

ताबा द्यायच्या दिवशी सकाळी सगळे अंगणात जमले. टेम्पो भरला होता. किरण कुंभार आणि त्याची बायको फाटकाशी नारळ घेऊन उभी. बाईंचं पोट आता चांगलं दिसत होतं. अल्फिया आली होती, पण तिची पेटी कुलूप घालून वायर गुंडाळून पायरीवर ठेवलेली. काम तसं उरलंच नव्हतं. मालकाने बाहेर पडायचं, पहिलाच प्रश्न शेवटी पुन्हा व्हायचा, अंगठा द्यायचा, किल्ली द्यायची.

जयवंतराव रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरले. देव प्रणोतीने पाटावर घेतले होते. स्वयंपाकघराचा ओटा पुसून ठेवला होता, त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी चप्पल घातली, उंबरा ओलांडला, आणि एसटीच्या पहाटेच्या गाड्यांची सगळी वर्षं पायात असल्यासारखी मान वळवून म्हणाले,

"येतो."

म्हणून गेले. जीभ चावली. अंगणात कुणीतरी, बहुधा किरणच, समजुतीने हसला.

आणि आतून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, उत्तर आलं.

"या."

मोठ्याने नाही. हातात काम असताना वर न बघता बोलावं तसं.

फाटकाशी नारळ घेतलेली बाई एक पाऊल मागे सरली. किरणचं हसू तसंच राहिलं, त्यात हसणारा उरला नव्हता. अल्फियाने पहिल्यांदा पेटीकडे पाहिलं. कुलूप होतं. वायर गुंडाळलेली होती. आणि भिंत काही स्वतःहून बोलत नाही. लेझर फिरवल्याशिवाय तिच्यातून शब्द निघत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शिवाय स्वयंपाकघरात तिला दुधाची हाक तेवढी मिळाली होती, परत येणाऱ्यांचा माग तिने दारातच घेतला होता. आत राहून वाट बघणाऱ्यांना शोधायला पेटीला कुणी सांगितलंच नव्हतं.

जयवंतराव उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कीर्तन रंगात आलेलं असताना उठून चाललेल्या माणसाचा कुणीतरी मागून सदरा ओढावा, तसे ते ओशाळले होते.

"अण्णा," प्रणोती म्हणाली. पाटावरचे देव छातीशी धरून ती वाटेत उभी होती. तिनेही ऐकलं होतं. नाशिकला तिचं दार होतं, तिथं तिची माणसं होती, हे सगळं तिच्या डोळ्यांत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आरती व्हायची आहे, पोरी," ते हळूच म्हणाले. "झाली की येतो. तुझ्याकडेच येतो."

ती रडत होती, पण बाजूला झाली. देवळात कुणी आत जात असेल तर आपण होतो, तशी.

अल्फियाच्या हातात अंगठ्याची पाटी होती. विचारायला तर हवंच होतं, नियम होता.

"काका... घरात कोण कोण आहे?"

जयवंतरावांनी चपला काढल्या, नीट जोडून उंबऱ्याशी ठेवल्या.

"आम्ही दोघं," ते म्हणाले, आणि आत गेले.